माल व्यापाऱ्यांचा, महसूल सरकारचा

२९ ऑगस्ट १८४२. नानकिंगजवळ यांगत्से नदीत 'कॉर्नवॉलिस' नावाची इंग्रजी युद्धनौका नांगर टाकून उभी होती. तिच्यावर त्या दिवशी इंग्रज आणि चिनी वकिलांनी, म्हणजे राजप्रतिनिधींनी, एका तहावर सह्या केल्या. नौका आपल्या मुंबईची. इथल्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली, १८१३ साली पाण्यात उतरवलेली, ७४ तोफांची. तहात चीनने हाँगकाँग बेट इंग्रजांना दिलं, पाच बंदरं त्यांच्या व्यापाराला उघडून दिली आणि २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर द्यायचं कबूल केलं.

या लढाईला जग अफूचं युद्ध म्हणतं. पण तहाची कलमं वाचायला घेतली की माणूस चक्रावतो. अफूचा व्यापार पुढे चालू राहणार की बंद होणार, यावर त्यात एक अक्षर नाही. अफू येते ती फक्त हिशेबात: चिनी अधिकाऱ्याने जी अफू ताब्यात घेतली तिची किंमत, ६० लाख डॉलर. ज्या मालावरून लढाई झाली त्याचे पैसे वसूल करायचे, आणि त्या मालाबद्दल मात्र तोंड उघडायचं नाही. असं का?

हे 'का' उलगडलं, की सरकारच्या आशीर्वादाने चालणारी अमली पदार्थांची तस्करी म्हणजे काय आणि तिच्यापायी दोन देशांचे संबंध का नासतात, हे बरंचसं कळतं. आजच्या काळातलं उदाहरणही आहे, त्याच्याकडे येऊच. पण अफूच्या व्यापारासारखं सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागदोपत्री दिसणारं उदाहरण विरळा. शिवाय त्यात आपला वाटा मोठा आहे. पीक आपल्याकडचं, बंदर आपलं, तहाची नौकासुद्धा आपलीच.

आधी शब्दाचा अर्थ पक्का करू. तस्करीत सरकारचा हात म्हटलं की डोळ्यांसमोर हप्ता घेणारा पोलीस किंवा लाच खाणारा कस्टमचा साहेब येतो. ते प्रकरण वेगळं. तो माणूस आपल्याच सरकारचा कायदा मोडत असतो आणि सापडला तर सरकार त्याला आत टाकतं. इथे धंद्याची गरज खुद्द तिजोरीला असते, किंवा गादीवर बसलेल्या घराण्याला. धंदा बसला तर राज्यकारभार अडतो. त्यामुळे माल पकडला गेला की सरकार आपल्या माणसाला शिक्षा करत नाही, त्याच्या पाठीशी उभं राहतं. ओळखण्याची खूण हीच.

एका पेटीचा प्रवास

अठराव्या शतकात इंग्लंडला चहाचं वेड लागलं. चहा मिळायचा चीनमध्ये, आणि चीनला त्याच्या बदल्यात चांदी सोडून फारसं काही नको होतं. विलायती लोकरीला तिथे गिऱ्हाईक नव्हतं. इकडे चहावरच्या जकातीतून ब्रिटिश सरकारच्या उत्पन्नाचा साधारण दहावा हिस्सा यायचा. म्हणजे चहा थांबवून चालणार नव्हतं, आणि चांदी तरी किती दिवस ओतणार?

अफूला मात्र चीनमध्ये गिऱ्हाईक होतं. अडचण एवढीच की ती तिथे बेकायदा होती. अफूच्या विक्रीवर आणि अड्ड्यांवर चीनच्या बादशहाने १७२९ सालीच बंदी घातली होती, शतक संपता संपता आयातही बंद केली. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या जहाजातून उघड अफू नेली असती तर कँटन या दक्षिण चीनमधल्या बंदरातला चहाचा परवानाच गेला असता. १७८२ साली वॉरन हेस्टिंग्जने कंपनीच्या खात्यावर चीनला अफू पाठवून पाहिली. धंदा बुडाला आणि वर लंडनच्या संचालकांनी त्याचे कान उपटले, की असला चोरटा व्यापार कंपनीला शोभत नाही. त्यानंतर जी व्यवस्था बसत गेली ती पाहण्यासाठी एक पेटी हातात घेऊ आणि तिच्या मागे मागे जाऊ.

बिहारमधला शेतकरी कंपनीची उचल घेऊन खसखशीचं पीक लावतो. अफू दुसऱ्या कोणाला विकायची नाही, भाव कंपनी ठरवेल तो. बोंडांना चिरा पाडून खरवडलेला चीक पाटण्याच्या किंवा गाझीपूरच्या कारखान्यात जातो. तिथे त्याचे नारळाएवढे गोळे होतात. प्रत्येक गोळ्यावर खसखशीच्याच वाळलेल्या पाकळ्या थरावर थर चिकटवून कवच करतात. असे ४० गोळे एका लाकडी पेटीत, वजन साठ-पासष्ट किलो. (गाझीपूरचा तो कारखाना आजही सरकारी आहे आणि चालू आहे. आता तिथली अफू औषधांसाठी जाते.) पेटी गंगेवरून कलकत्त्याला येते आणि लिलावात निघते.

बोली लागली, हातोडा पडला, की पेटी खासगी व्यापाऱ्याची झाली. कंपनीची स्वतःची जहाजं तिला शिवत नाहीत, तशी त्यांना सक्त मनाई आहे. व्यापाऱ्याचं जहाज कँटनच्या खाडीच्या तोंडाशी, लिंटिन बेटापाशी जातं. तिथे काही जहाजं तरंगती गोदामं म्हणून कायमची उभी असतात. चिनी तस्कर पुष्कळ वल्ह्यांच्या वेगवान होड्या घेऊन येतात. त्या होड्यांना चिनी लोक 'चपळ खेकडे' म्हणत. रोख चांदी मोजायची, पेट्या उचलायच्या, अंधारात पसार व्हायचं.

आता व्यापाऱ्याच्या हातात चांदी आली. ती घरी कशी न्यायची? कँटनमध्ये कंपनीचा खजिना आहे. तिथे चांदी भरायची आणि लंडनवरची किंवा कलकत्त्यावरची हुंडी घ्यायची. कंपनी त्याच चांदीने चहा विकत घेते.

उचल कंपनीची, कारखाना कंपनीचा, लिलाव कंपनीचा आणि शेवटी चांदीही कंपनीच्या खजिन्यात. दुसऱ्याच्या नावावर आहे तो फक्त कलकत्ता ते लिंटिन हा समुद्रातला पट्टा. चीनचा कायदा मोडतो तो नेमका तिथे. चिनी अधिकाऱ्याने विचारलं तर कंपनी छातीला हात लावून सांगू शकते की आमच्या जहाजात एक तोळाभरही अफू नाही. आणि ते खरंच असतं! सरकारी तस्करीतला मला सगळ्यात भयंकर वाटणारा भाग हाच. यात खोटं बोलावं लागतच नाही. कामाची वाटणीच अशी केलेली असते, की प्रत्येकाने आपापल्या तुकड्यापुरतं खरं सांगितलं तरी पुरतं.

माळवा आणि मुंबई

बिहारची अफू कंपनीच्या मुठीत होती, माळव्याची नव्हती. इंदूर, उज्जैन, मंदसोर हा मुलूख होळकर-शिंद्यांचा आणि लहानमोठ्या संस्थानिकांचा. तिथे शेतकरी आपल्या मर्जीने पीक घ्यायचा, सावकार पैसा लावायचे, व्यापारी माल उचलायचे आणि जकात दरबारात जमा व्हायची. १८१८ मध्ये मराठी सत्ता मोडली तरी या अफूवर कंपनीचा हात बसेना. कंपनीने संस्थानांशी करार केले, की अफू दुसऱ्या वाटेने जाऊ द्यायची नाही. होळकर तयार झाले, शिंद्यांनी दाद दिली नाही. करार झाले तिथूनही माल निसटत राहिला. उंटांचे तांडे राजस्थानातून पाली, जैसलमेर करत सिंधमध्ये उतरायचे. तिथून कराची, कराचीहून गलबतांनी पोर्तुगीजांचं दमण, आणि दमणहून चीनच्या किनाऱ्यावरचं पोर्तुगीजांचंच मकाव.

हा खेळ दहा-बारा वर्षं चालला. शेवटी १८३०-३१ च्या सुमारास कंपनीने नाद सोडला आणि सरळ दर लावला. पेटीमागे १७५ रुपये भरा, पास घ्या आणि मुंबई बंदरातून माल न्या. दमणची वाट तरीही स्वस्त पडते असं दिसल्यावर १८३५ मध्ये तोच दर १२५ रुपयांवर आणला. मग १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला आणि कराचीची वाट त्यांच्या हातात आली. त्याबरोबर दर चढला: आधी २००, मग ३००, १८४७ मध्ये ४०० रुपये. सिंध घेण्यामागची कारणं अनेक आहेत, पण दरांचा हा आलेख सिंधच्या नकाशाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे.

पास म्हणजे काय, तर एक कागद. माळव्यात कंपनीने ना उचल दिली, ना कारखाना काढला. फक्त रस्त्यात उभं राहून पैसे घेतले आणि कागद दिला. पेट्या कुठे चालल्यात हे तो कागद लिहिणाऱ्या कारकुनालाही ठाऊक होतं. बिहारमध्ये सरकार अफूचं मालक होतं, माळव्यात नुसतं नाकेदार. तिजोरीच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. पुढे काही वर्षी तर हिंदुस्थान सरकारच्या एकूण महसुलात सुमारे सातवा हिस्सा एकट्या अफूचा असे.

मुंबईची भरभराट बरीचशी या वाटेने झाली. पारशी, गुजराती, मारवाडी, कोकणी मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती, सगळ्यांचा यात पैसा होता. सर्वांत मोठं नाव जमशेटजी जीजीभॉय यांचं. १८०५ च्या चीनच्या सफरीत त्यांचं जहाज फ्रेंचांच्या हाती लागलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. पुढे हाच जार्डिन चीनमधल्या अफूच्या सर्वांत मोठ्या पेढीचा मालक झाला आणि जमशेटजी त्याचे मुंबईतले भागीदार. कापसाचाही त्यांचा मोठा व्यापार होता, पण अफू वगळून त्यांची संपत्ती सांगता येत नाही. जे. जे. रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभं राहिलं, माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नीच्या पैशातून.

जे. जे.च्या ओपीडीत मी आईचे कागद छातीशी धरून कितीतरी सकाळी रांगेत बसलो आहे. शेजारी कोण कुठून आलेलं असायचं, धुळ्याहून, उस्मानाबादहून, पदरी फक्त एसटीचं भाडं बांधून. त्या दानाचं मोल मला त्या बाकावर कळलं. म्हणूनच तो पैसा कुठून आला हेही मला माहीत हवं असं वाटतं. दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकत्र राहतात, एकीने दुसरी पुसत नाही.

इलियटची नोटीस

चीनमध्ये काय होत होतं? शतकाच्या सुरुवातीला वर्षाला सुमारे चार हजार पेट्या यायच्या. १८३८-३९ च्या सुमारास चाळीस हजारांच्या घरात. चांदीचा ओघ उलटा फिरला होता. चिनी शेतकरी रोजचे व्यवहार तांब्याच्या नाण्यांत करायचा आणि सारा चांदीच्या हिशेबाने भरायचा. चांदी महागली, म्हणजे ज्याने आयुष्यात अफू पाहिली नाही त्याचाही सारा वाढला.

बादशहाने लिन झेशू नावाच्या कडक आणि स्वच्छ अधिकाऱ्याला कँटनला पाठवलं. तो मार्च १८३९ मध्ये पोहोचला आणि आठवडाभरातच परदेशी व्यापाऱ्यांना हुकूम काढला: सगळी अफू हवाली करा. व्यापारी टाळाटाळ करू लागले, तेव्हा त्याने त्यांच्या वखारींना वेढा घातला आणि चिनी आचारी, नोकर सगळे काढून घेतले. आत साडेतीनशेच्या आसपास परदेशी माणसं.

लिनने राणी व्हिक्टोरियाला पत्रही लिहिलं. त्याचा मुद्दा सरळ होता: तुमच्या देशात अफूला बंदी आहे असं मी ऐकतो, मग जे आपल्या लोकांसाठी वाईट ते दुसऱ्यांच्या घरी का पाठवता? इंग्लंडमध्ये तेव्हा अफू औषधाच्या दुकानात राजरोस मिळायची, ते त्याला माहीत नव्हतं. पण खरी गोष्ट पुढे आहे. हे पत्र राणीपर्यंत रीतसर पोहोचलंच नाही. न्यायचं कोणी? दोन्ही दरबारांत एकमेकांचे वकील नव्हते. चीनच्या बाजूने बोलायचं तर कँटनच्या ठरावीक चिनी अडत्यांमार्फत, इंग्रजांच्या बाजूने व्यापाऱ्यांमार्फत. लिनच्या समोर जे उभे होते ते स्वतःला खासगी व्यापारी म्हणवत होते, आणि ज्यांच्या तिजोरीत पैसा जात होता त्यांचा पत्ता समुद्रापलीकडचा.

या धंद्याने राजनैतिक संबंधांची पहिली हानी होते ती अशी. बोलायला समोर कोणी उरत नाही. सीमेवरून भांडण असेल तर दोन्हीकडचे वकील नकाशा पसरून बसतात. इथे दुसरा म्हणतो, हा विषयच आमचा नाही. जे आपलं नाहीच त्यावर वाटाघाट कशी होणार?

आणि मग एका दिवसात पडदा वर गेला. चार्ल्स इलियट हा ब्रिटिश सरकारचा व्यापार-अधीक्षक. अफूच्या धंद्याची त्याला मनापासून घृणा होती. पण वखारीतली माणसं सुटायला हवी होती. २७ मार्चला त्याने नोटीस काढली, की सर्व ब्रिटिश प्रजाजनांनी आपली अफू राणी सरकारच्या सेवेसाठी माझ्या हवाली करावी. भरपाईची जबाबदारी सरकारची. व्यापाऱ्यांना आकाश ठेंगणं झालं. लिनच्या धडक मोहिमेमुळे बाजार बसला होता, माल पडून होता. त्यांनी हातातली अफू तर दिलीच, वाटेत असलेल्या जहाजांवरचीही देऊ केली. वीस हजारांहून जास्त पेट्या. त्यात मुंबईच्या पेढ्यांचाही माल होता.

लिनला वाटलं, तस्करांनी माल टाकला. प्रत्यक्षात तो आता इंग्लंडच्या राणीचा माल झाला होता. जे सरकार इतकी वर्षं 'आमचा काही संबंध नाही' म्हणत होतं, तेच एका नोटिशीने वीस हजार पेट्यांचं मालक झालं.

३ जूनपासून हूमेनच्या किनाऱ्यावर लिनने ती अफू नष्ट केली. तीन मोठे हौद खणले. त्यांत पाणी आणि मीठ टाकायचं, गोळे फोडून आत सोडायचे, वरून चुना. मजूर फळ्यांवर उभे राहून रटरटणारा रगडा ढवळत. ओहोटीच्या वेळी दार उघडून सगळं समुद्रात. तीन आठवडे हे चाललं. सुरुवात करण्याआधी लिनने समुद्रदेवतेची प्रार्थना लिहिली होती. तिच्या पाण्यात हे विष सोडतोय म्हणून क्षमा मागितली होती, जलचरांना तात्पुरतं दूर जायला सांगावं अशी विनंती केली होती. मी या विषयावर जे जे वाचलं, त्यात समुद्रातल्या माशांची काळजी करणारा हा एकच माणूस भेटला.

पुढचं भराभर सांगता येईल. भरपाईची रक्कम २० लाख पौंडांच्या घरात गेली आणि ती द्यायची लंडनची तयारी नव्हती. ती चीनकडूनच वसूल करायची म्हणून आरमार निघालं. त्यात हिंदुस्थानी शिपाई मोठ्या संख्येने होते. एप्रिल १८४० मध्ये पार्लमेंटात या युद्धावरून वादळी चर्चा झाली. पुढे पंतप्रधान झालेला, तेव्हा तीस वर्षांचा ग्लॅडस्टन युद्धाविरुद्ध तळमळून बोलला. सरकार २६२ विरुद्ध २७१, म्हणजे अवघ्या नऊ मतांनी वाचलं.

'विदेशी औषध'

नानकिंगच्या तहात अफूचा विषय का टाळला, हे आता सरळ दिसतं. व्यापार कायदेशीर करून घ्यावा अशी इंग्रजांची इच्छा होती, बादशहाला ते मान्य नव्हतं. बंद करतो असं लिहून देणं इंग्रजांना परवडणारं नव्हतं, कारण हिंदुस्थानचा महसूल त्यावर उभा होता. म्हणून कागदावर गप्प राहायचं ठरलं. तहानंतर अफू चीनच्या कायद्याने बेकायदाच राहिली आणि आधीपेक्षा जास्त येऊ लागली.

पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, पुरवणी तह झाला. त्यात ब्रिटिश माणसाने चीनमध्ये गुन्हा केला तर त्याचा न्याय ब्रिटिश वकिलातीने करायचा असं ठरलं. चीनच्या भूमीवर चीनचा कायदा परक्याला लागू नाही! १८४४ मध्ये अमेरिकेने आणि फ्रान्सनेही तशाच सवलती मिळवल्या. तस्कराला पकडायची लिनची जी सगळ्यात साधी ताकद होती, तीच चिनी राज्याच्या हातून गेली.

१८५६ ते १८६० दुसरं युद्ध झालं. १८५८ मध्ये अफू जकातीच्या यादीत आली, साधारण एका पेटीएवढ्या मालावर ३० टेल चांदी (टेल हे चांदीचं चिनी वजन). यादीत तिचं नाव होतं 'विदेशी औषध'. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजेने पेकिंगजवळचा बादशहाचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि इंग्रजांनी तो जाळला. त्यानंतर परदेशी वकिलाती राजधानीत कायमच्या बसल्या आणि १८६१ मध्ये चीनने परराष्ट्र व्यवहारासाठी पहिल्यांदा स्वतंत्र कचेरी काढली. चीन आणि पश्चिमेकडचे देश यांच्यातल्या रीतसर राजनैतिक संबंधांचा जन्मच असा झाला. आज चीनच्या सरकारी भाषेत 'अपमानाचं शतक' मोजायला सुरुवात होते ती १८३९-४२ पासून.

सुटका व्हायला आणखी पन्नास वर्षं गेली. मधल्या काळात चिनी शेतकरीच खसखस पिकवू लागले आणि बाहेरच्या अफूपेक्षा घरची अफू कितीतरी पट झाली. इकडे दादाभाई नौरोजींनी या व्यापाराला पाप म्हटलं, तिकडे इंग्लंडमध्ये धार्मिक मंडळींनी चळवळ उभारली. १९०६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटाने हा व्यापार नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही असा ठराव केला. १९०७ मध्ये करार झाला: हिंदुस्थानातून होणारी निर्यात दरवर्षी ५,१०० पेट्यांनी कमी करायची, म्हणजे दहा वर्षांत शून्यावर, पण चीननेही स्वतःचं पीक तेवढंच घटवलं पाहिजे. इतकी वर्षं जे अशक्य होतं ते आता झालं, कारण पेट्या आमच्या आहेत हे अखेर एका सरकारने मान्य केलं होतं. १९०९ मध्ये शांघायला आंतरराष्ट्रीय अफू आयोग बसला, १९१२ मध्ये हेग इथे करार झाला. आजचे अमली पदार्थविरोधी सगळे आंतरराष्ट्रीय कायदे त्याच झाडाच्या फांद्या आहेत.

दोन चंद्रकोरी

आता आजचं उदाहरण. १९६१ साली जर्मनीत एक औषध निघालं, फेनेथिलिन, बाजारातलं नाव 'कॅप्टागॉन'. एकाग्रतेच्या आणि झोपेच्या विकारांवर ते देत. व्यसन लागतं असं दिसल्यावर १९८६ मध्ये त्याच्यावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली. औषध गेलं, नाव राहिलं. आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळीत बहुतेक वेळा ॲम्फेटामिन आणि कॅफीन असतं. गोळीवर दोन चंद्रकोरी, म्हणून अरबीत तिचं टोपणनाव 'दोन चंद्रकोरींचा बाप'. बनवायला काही रुपये, आखातात विकायला त्याच्या कितीतरी पट.

२०११ मध्ये सीरियात यादवी पेटली. निर्बंध आले, तेलाच्या विहिरी हातच्या गेल्या, बशर अल असद यांच्या राजवटीची तिजोरी रिकामी झाली. ती पोकळी या गोळीने भरली. राष्ट्राध्यक्षांचे भाऊ माहेर अल असद यांच्या हाताखालच्या लष्कराच्या चौथ्या डिव्हिजनचं नाव या धंद्यात सतत येत राहिलं, तसं लताकिया बंदराचंही. जुलै २०२० मध्ये इटलीत सालेर्नो बंदरात कागदाच्या प्रचंड रिळांच्या पोटात १४ टन गोळ्या सापडल्या, ८ कोटी ४० लाख. सुरुवातीला नाव घेतलं गेलं ते इसिसचं. नंतर बोट वळलं दमास्कसकडे. मार्च २०२३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने असद यांच्या चुलत भावांवर या धंद्यासाठी निर्बंध घातले.

शेजाऱ्यांचं काय झालं ते पाहा. एप्रिल २०२१ मध्ये सौदीत लेबनॉनहून आलेली डाळिंबं फोडली तर आत ५० लाखांहून जास्त गोळ्या. सौदीने लेबनॉनची फळं-भाजी सगळी बंद केली. ज्या बागाईतदाराने जन्मात गोळी पाहिली नाही त्याच्या पेट्या बंदरावर सडल्या. जॉर्डनने जानेवारी २०२२ मध्ये, बर्फाच्या वादळात सीमा ओलांडू पाहणारे २७ तस्कर एका दिवसात मारले.

मग मे २०२३ चा पहिला आठवडा आला. १ मे रोजी अम्मानमध्ये अरब परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत सीरियाने तस्करी रोखायला मदत करू असं कबूल केलं. ७ मे रोजी, जवळजवळ बारा वर्षांच्या निलंबनानंतर, अरब लीगने सीरियाला परत घेतलं. ८ मे रोजी दक्षिण सीरियात एका बड्या तस्कराच्या घरावर विमानातून बॉम्ब पडले. तो, त्याची बायको, मुलं, सगळे गेले. हल्ला जॉर्डनचा असं सर्वत्र मानलं गेलं, जॉर्डनने तो उघडपणे स्वीकारला नाही. म्हणजे एका हाताने पंक्तीत बसवून घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच्याच हद्दीत बॉम्ब टाकायचे. अशा संबंधांना मैत्रीही म्हणता येत नाही आणि वैरही.

कंपनीने 'आमचा संबंध नाही' हे वाक्य ढालीसारखं वापरलं. असद यांनी त्याच वाक्याला किंमत लावली. धंदा आमचा नाही, पण थांबवायचा तर आमच्याशिवाय कोणाला जमणार? तेव्हा निर्बंध उठवा, पैसा द्या, मांडीला मांडी लावून बसू द्या. नळ आपल्या हातात आहे हे कबूल न करता पाणी बंद करायचे पैसे मागायचे. त्यातली मेख अशी, की नळ खरंच बंद केला तर मागायला काही उरत नाही. म्हणून गोळ्या येतच राहिल्या आणि जॉर्डनची विमानंही.

८ डिसेंबर २०२४ रोजी असद राजवट कोसळली. त्याच दिवशी बंडखोरांचे नेते अहमद अल शरा दमास्कसच्या उमय्यद मशिदीत बोलले, आणि त्या पहिल्याच भाषणात त्यांनी कॅप्टागॉनचा उल्लेख केला. सीरिया या गोळीचा जगातला सर्वांत मोठा कारखाना झाला होता, आता तो स्वच्छ करू, असं ते म्हणाले. पुढच्या दिवसांत दमास्कसजवळच्या दूमा गावात चिप्सच्या एका जुन्या कारखान्यात गोळ्यांचे ढीग सापडले. निर्यातीच्या विजेच्या उपकरणांत कोंबलेल्या गोळ्या कॅमेऱ्यासमोर ओतल्या, ठिकठिकाणी साठे जाळले. ती आग शेजाऱ्यांना दिसावी म्हणूनही लावलेली होती. नव्या सरकारला सगळ्यात आधी रियाध आणि अम्मानला खात्री पटवायची होती.

ती खात्री किती दिवसांत पटते? ब्रिटनने अफू १९१३ मध्ये थांबवली, हाँगकाँग १ जुलै १९९७ ला परत केलं. नोव्हेंबर २०१० मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून मंत्र्यांसह बीजिंगला गेले. पहिल्या महायुद्धापासूनच्या युद्धांत पडलेल्या आपल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ब्रिटिश लोक नोव्हेंबरात कोटावर कागदाचं लाल फूल लावतात, तसं सगळ्यांच्या कोटावर होतं. ते फूल पॉपीचं, म्हणजे खसखशीच्याच कुळातलं. चिनी अधिकाऱ्यांनी त्यांना विनंती केली, हे फूल काढून ठेवाल का, आमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा आहे. ब्रिटिशांनी सांगितलं, आमच्याकडे ते हुतात्म्यांचं आहे, काढणार नाही. आणि फुलं लावूनच ते बैठकीला गेले.